अर्धी मात्रा

दादाचा हात दिसला की धाकटीला आपलं म्हणणं पुढे रेटता येत नसे. दादालाही ते पक्कं ठाऊक असावं, कारण इस्पितळातून घरी आल्यापासून तो हात त्याने टेबलावर सगळ्यांच्या मधोमध मांडून ठेवला होता. कोपरापासून बोटांपर्यंत पांढरं बँडेज. काल उकळत्या रंगाच्या टाकीच्या काठावर तिला फिट आली, ती पुढे कोसळली, आणि तिला मागे खेचताना दादाचा हात टाकीत गेला. तिला यातलं काहीच आठवत नव्हतं. तिला आठवत होती हिरव्या सुताची लडी आणि बाबांचं "अजून जरा बुडव". त्यानंतर थेट इस्पितळाचं छत. मधला भाग जो तो आपापल्या परीने तिखटमीठ लावून सांगत होता आणि तिला तो मुकाट्याने ऐकावा लागत होता.

सूत रंगवायच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावरची ही बसायची खोली एरवी सदा कोमट असे. खालच्या टाक्यांची वाफ फरशीतून वर येई, भिंतींना ओल धरे, कपाटातली पुस्तकं फुगत. आज टाक्या बंद होत्या आणि फरशी गार पडली होती. बाबांनी कामगारांना सकाळीच परत पाठवलं होतं. तेव्हापासून ते खिडकीपाशी खुर्ची ओढून बसले होते आणि तोंडातून चकार शब्द काढत नव्हते. धाकटीला त्यांचा मोठाच आधार वाटत होता. अख्खं घर तिच्यावर तुटून पडलेलं असताना बाबांनी एका शब्दाने तिला दोष दिला नव्हता.

"तू फक्त एवढं सांग," दादा म्हणाला, "किती दिवस घेतल्या नाहीस?"

"रोज घेतल्यात. सकाळी एक, संध्याकाळी एक."

"मग रक्तात औषध का नव्हतं? डॉक्टरबाई माझ्यासमोर म्हणाल्या, प्रमाण फार खाली गेलंय. हवेत उडालं का?"

"मला माहीत नाही."

"हिला माहीत नाही!" दादा आत्याकडे वळला. "ऐकलंस ना? माझी कातडी सोलून निघाली आणि हिला माहीत नाही."

"अरे, ओरडू नकोस. कालच फिट येऊन गेलीय तिला," आत्या म्हणाली. आत्या बाबांची थोरली बहीण, कारखान्याची निम्मी मालकीण. लग्न न करता तिने सारी हयात सुताच्या आणि गिऱ्हाइकांच्या मागे घालवली होती आणि घरातला शेवटचा शब्द आपलाच असायचा हा तिचा हक्क कोणी नाकारत नसे. "पण पोरी, तूही ऐक. कंटाळा येतो माणसाला. रोज रोज काय ते गिळायचं, असं होतं. इतकी वर्षं काही झालं नाही, तेव्हा वाटलं असेल की आता कशाला. कबूल कर आणि मोकळी हो. कोणी तुला फाशी देत नाही."

"मी न केलेलं कबूल करू?"

"मग रक्त खोटं बोलतं का?" वहिनीने विचारलं.

वहिनी दातांच्या दवाखान्यात नोकरीला. घरात ती सहसा चढ्या आवाजात बोलत नसे; आज बोलत होती आणि तिचे डोळे नवऱ्याच्या बँडेजवरून हलत नव्हते. "रात्रभर मी यांच्या उशाशी बसलेय. कळ आली की दात आवळून घेत होते, ओरडत नव्हते, का तर शेजारच्या खोलीत तू झोपलेली. आणि तू अजून आपलं घोडं पुढे दामटतेस."

धाकटीने खुर्ची मागे सरकवली. सगळ्यात जास्त राग तिला या गोष्टीचा येत होता की वहिनीचं बोलणं रास्त होतं. दादाने तिला वाचवलं होतं. तो नसता तर ती टाकीत गेली असती. ज्याचे उपकार मानायचे त्याच्यावरच खेकसायची वेळ यावी, याहून वाईट काय असतं?

इस्पितळात डॉक्टरबाईंनी दादाला बाहेर पाठवून तिला एकटीला विचारलं होतं. मला खरं सांगा, मी रागावणार नाही. पुष्कळ जण विसरतात, पुष्कळ जण कंटाळतात. चुकवत असाल तर आहे तीच मात्रा पुन्हा नीट सुरू करू. पण नेमाने घेऊनही प्रमाण इतकं कमी निघत असेल तर वाढवावी लागेल. दोन्हींचा इलाज वेगळा, म्हणून विचारते. "एकही चुकवलेली नाही," धाकटी म्हणाली होती. डॉक्टरबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं होतं आणि "बरं, ठेवला विश्वास," असं म्हणून दर वेळी एकाऐवजी दोन कॅप्सूल लिहून दिल्या होत्या. कालपासून तिच्यावर विश्वास ठेवणारं ते एकच माणूस होतं, तेही परकं.

"आता मुद्द्याचं बोलू," दादा म्हणाला. "कोरड्या खोलीची किल्ली हिच्याकडे जायची नाही."

घरात हे कधीतरी निघणारच होतं. कोरडी खोली म्हणजे रंगाच्या भुकट्या ठेवायची खोली, खाली, टाक्यांपासून लांब, दुहेरी दाराची. तिथला तराजू आजोबांच्या वेळचा. ज्याच्याकडे त्या खोलीची किल्ली तो कारखान्याचा रंगारी. बाकी सगळे हमाल, असं आजोबा तोंडावर म्हणत. दादाला ती किल्ली मिळायची होती, पण त्याने रंगवलेल्या निळ्या मालाची अख्खी गाडी परत आली, त्या दिवसापासून बाबांनी त्याला रंगाला हात लावू दिला नव्हता. तो गाडी हाकतो, माल पोचवतो, पैसे वसूल करतो, आणि धाकटीला रंगातलं कळतं हे गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकत राहतो. बाबा थकले होते. किल्ली या हंगामाच्या शेवटी तिला द्यायची असं ठरलं होतं.

"हात भाजला तुझा, आणि सूड किल्लीवर?" धाकटी म्हणाली.

"सूड? अगं, तू उद्या पुन्हा पडशील. मी काय रोज तुझ्या मागे उभा राहणार आहे? टाकीत उकळतं पाणी असतं, पोहायचा तलाव नव्हे. औषध घ्यायची अक्कल नाही त्या माणसाने टाकीजवळ फिरकायचं नाही. तू दुकानात बस, ऑर्डरी घे. रंगाला आपण बाहेरचा माणूस ठेवू."

"बाहेरचा माणूस!" आत्याचा चेहरा एकदम उतरला. बाहेरचा माणूस म्हटलं की तिला घराला भोक पडल्यासारखं वाटे. ती धाकटीकडे बघत राहिली, मग दादाच्या हाताकडे, आणि धाकटीला डोळ्यांदेखत दिसलं की आत्या दादाच्या बाजूला झुकली. "खरं आहे त्याचं," ती सावकाश म्हणाली. "जीव राहिला तर रंग. दुकानात बस तू. आणि यापुढे औषध आमच्यासमोर घ्यायचं."

"मी काय शाळेतली पोर आहे?"

"शाळेतली पोर बरी. तिला धाक तरी असतो."

"बाबा, तुम्ही तरी बोला!" धाकटी ओरडली. "तुम्हाला माहितीये मी घेते. तुमच्यासमोर घेते. कोरड्या खोलीत बाटली असते माझी, तुमच्या कपाटात. तुम्हीच काढून देता!"

ते खरं होतं. वरच्या मजल्यावर ओलीने औषध खराब होईल म्हणून ती बाटली पहिल्यापासून कोरड्या खोलीत ठेवत असे, तिनेच तसं ठरवलं होतं. औषध कोरड्या जागी ठेवा म्हणून बाटलीवरच छापलेलं होतं आणि अख्ख्या घरात तेवढी एकच जागा कोरडी होती. सकाळी काम सुरू होताना एक, संध्याकाळी तराजू झाकताना एक. बाबा कपाट उघडत, बाटली पुढे करत, ती कॅप्सूल घेत असे.

बाबांनी मान वळवली. त्यांचे ओठ हलले. "घेते ती," ते म्हणाले. आणि पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागले.

"तुम्ही तिला पाठीशी घालता," दादा कडवटपणे म्हणाला. "नेहमीचंच आहे."

वहिनी उठली. तिने पिशवीतून नवी बाटली काढली, इस्पितळातून येताना औषधाच्या दुकानातून आणलेली. झाकण उघडून तिने दोन कॅप्सूल बशीत टाकल्या, पाण्याचा पेला भरला आणि दोन्ही धाकटीपुढे सरकवलं. अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या विटकरी, अगदी नेहमीसारख्या. "संध्याकाळची वेळ झालीय," ती म्हणाली. "घे."

सगळे बघत होते. धाकटीला वाटलं, बशी उचलून भिंतीवर आपटावी. पण आपटली तर तेही तिच्याच विरुद्ध जाणार होतं. तिने दोन्ही कॅप्सूल उचलल्या आणि तोंडाशी नेल्या.

"दोन नको!"

खुर्ची मागे पडल्याचा आवाज झाला आणि बाबा तिच्यापाशी होते. त्यांनी तिचं मनगट इतकं घट्ट धरलं की एक कॅप्सूल घरंगळत टेबलाखाली गेली. या वयात ते एवढ्या चपळाईने उठू शकतात हेच कोणाला माहीत नव्हतं.

"काय करताय बाबा? डॉक्टरांनी दोन सांगितल्यात."

"नको. झेपणार नाही तुला."

"कशावरून?"

"एकच घे. नाही, यातली एकही नको. खाली आहे ना तुझी बाटली, त्यातली घे."

"तेच औषध आहे," वहिनी म्हणाली. "तेच नाव, तीच ताकद. मी दुकानात दोनदा विचारून घेतलंय."

"तरी त्यातलीच घे," बाबा म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

धाकटी त्यांच्याकडे बघत राहिली. औषधाच्या बाबतीत बाबांनी आजवर कधी मत दिलं नव्हतं. डॉक्टरांचं नाव निघालं की ते उठून कामाला लागत. तिने हातात उरलेली कॅप्सूल मुठीत मिटून घेतली.

"किल्ली द्या," ती म्हणाली.

"कशाला?"

"माझी बाटली आणायला. तुम्हीच सांगताय ना त्यातली घे म्हणून?"

बाबांनी किल्ली दिली नाही. त्यांचा हात खिशावर गेला आणि तिथेच राहिला. शेवटी आत्या करवादली, "अरे, दे ना एकदाची, काय तमाशा लावलाय!" तेव्हा कुठे त्यांनी ती काढली.

धाकटी जिना उतरून गेली आणि बाटली घेऊन वर येईल म्हणून बाकीचे थांबले. ती आली नाही. मग दादा तिच्या नावाने शंख करत खाली गेला, त्याच्यामागे वहिनी, तिच्यामागे कठड्याला धरून आत्या. सगळ्यांच्या शेवटी बाबा.

कोरड्या खोलीत दिवा लावलेला होता. धाकटीने तराजूवरचं झाकण काढलं होतं. पुढ्यात तिची जुनी बाटली होती आणि तिच्या हातात त्यातली एक कॅप्सूल. तिने ती कानाजवळ धरून हलवली. आतले दाणे इकडून तिकडे सुळकन घसरत गेले. दुसऱ्या हातात वरून आणलेली नवी होती. तीही तिने हलवली. ती गप्प होती, कारण ती गच्च भरलेली होती.

"काय चाललंय?" दादाने विचारलं.

नवी कॅप्सूल उघडून तिने आतले बारीक दाणे कागदावर ओतले आणि तोलले. मग जुनी उघडली. तराजूचा काटा कुठे थांबला ते सगळ्यांना दिसलं. आजोबांपासून या घरात प्रत्येकाला, अगदी दादालासुद्धा, तराजू वाचता येत होता.

"निम्मं," आत्या पुटपुटली.

"दुकानदाराने फसवलं!" दादा म्हणाला. त्याचा आवाज एकदम बदलला, कारण आता शिव्या द्यायला त्याला घराबाहेरचं माणूस सापडलं होतं. "मी उद्याच जातो. काचा फोडतो त्याच्या."

"थांब," धाकटी म्हणाली. तिने जुन्या बाटलीतली आणखी एक उघडली. मग आणखी एक. काटा दरवेळी तिथेच थांबला. केसभर इकडे नाही, केसभर तिकडे नाही. ती तोलत राहिली, कारण तोलणं थांबवलं की तिला मान वर करून बघावं लागलं असतं.

एवढं सारखं मशीन करतं, नाहीतर बाबा. अख्ख्या कारखान्यात असा हात दुसऱ्या कोणाचा नव्हता. आत्याची बोटं सांध्यांतून वाकलेली. दादाचा हात म्हणजे फावडं. आणि तिला स्वतःला इतकं जमायला अजून निदान दहा वर्षं लागली असती.

"दुकानदार नव्हे," ती म्हणाली आणि तिने मान वर केली.

बाबा दारातच उभे होते. त्यांनी नाकारलं नाही. नाकारलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला नंतर वाटलं. निदान त्यांना लाज वाटते आहे असं तरी दिसलं असतं. ते बोलू लागले ते समजावणीच्या सुरात, ज्या सुरात ते तिला लहानपणी रंग शिकवत.

"कितीतरी वर्षांत तुला फिट आली नव्हती," ते म्हणाले. "औषध बसलं होतं अंगात. सुताला रंग बसला की आपण टाकी पातळ करतो की नाही? बसलेल्या रंगावर तीच मात्रा ओतत राहिलं तर सूत जळतं. मी एकदम नाही केलं. आधी जरासं काढलं. बघितलं, काही झालं नाही. मग चौथाई. मग निम्मं. पायरीपायरीने केलं."

"पायरीपायरीने," धाकटी म्हणाली.

"तू जडावली होतीस गं त्या औषधाने. टेबलावर डोकं टेकून झोपायचीस. हात थरथरायचा. गेल्या थंडीत तू दोन हिरव्यांतला फरक ओळखला नाहीस, आठवतं? माझी पोर, आणि हिरवा ओळखत नाही. मग बघ, कमी केल्यावर कशी टवटवीत झालीस. तूच म्हणालीस मला, बाबा, हल्ली डोकं कसं हलकं वाटतं."

म्हणाली होती. त्या गोष्टीने तिचा संताप आणखीच उसळला. हे काही महिने तिच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते. तिला वाटलं होतं की आपण सावरलो, आपला हात बसला, आपण आता खऱ्या अर्थाने रंगारी झालो. बाबांनी तिची पाठ थोपटली होती. आणि पाठ थोपटणाऱ्याला सगळं माहीत होतं.

"मी डॉक्टरबाईंना सांगितलं होतं जडपणाचं," ती म्हणाली. "त्या म्हणाल्या होत्या, पुढच्या वेळी तपासून बदलू, दुसरं औषधही आहे. तपासून, बाबा. रक्त बघून. मी वाट बघत होते त्या तारखेची."

"डॉक्टर काय, लिहून मोकळे होतात. तुझ्याबरोबर दिवसभर कोण असतं? मी असतो."

"हो, तुम्ही असता! सकाळी माझ्या हातून चमचा उडायचा, कप सुटायचा, मी तुमच्याजवळ बोलले. हात मधेच झटकतो म्हणाले. तुम्ही काय म्हणालात? झोप नीट घे! तुम्हाला कळलं होतं, बाबा. तेव्हाच कळलं होतं तुम्हाला."

बाबा दाराची कडी चाचपू लागले.

"आणि रंग बसलाय की नाही हे आपण कसं ठरवतो? धुऊन बघतो. तुम्ही मला उकळत्या टाकीपाशी उभं करून धुऊन बघितलंत. रंग उतरला तो दादाच्या हातावर!"

दादा इतका वेळ भिंतीला टेकून उभा होता. तो पुढे आला. तो ओरडला नाही, आणि त्याचं न ओरडणं ओरडण्याहून वाईट होतं. "काल इस्पितळात मी हिला वाट्टेल ते बोललो," तो बाबांना म्हणाला. "शुद्धीवर आल्या आल्या बोललो. बेजबाबदार म्हणालो, घराला कीड लागली म्हणालो. तुम्ही माझ्या शेजारी उभे होतात. मी निळा माल बिघडवला तेव्हा तुम्ही सगळ्या कामगारांसमोर माझी चामडी लोळवलीत. वर्षानुवर्षं ऐकतोय मी ते. आणि तुम्ही माणूस बिघडवलात तर गप्प?"

"मी सांगणारच होतो."

"कधी? माझा हात पडल्यावर?"

"बस्स!" आत्या मधे पडली. ती धापा टाकत होती, पण तिच्या आवाजात जुनी जरब होती. "बापाशी बोलतोयस तू. चुकला असेल, पण वाईटासाठी केलं नाही त्याने. झालं ते झालं. घरातली गोष्ट घरात राहू दे. उद्यापासून ही पूर्ण मात्रा घेईल, संपला विषय. बाहेर कळलं ना, तर हा रंगारी स्वतःच्या पोरीच्या औषधात हात घालतो म्हणून माणसं थुंकतील आपल्यावर."

"अक्का बरोबर बोलतेय," बाबा म्हणाले. "मी पुन्हा वाढवतो. हळूहळू. मी नीट करून देतो सगळं." आणि त्यांनी, हाताच्या नुसत्या सवयीने, बाटलीकडे हात पुढे केला.

"हात लावू नका!"

खोली इतकी लहान होती की तिचा आवाज भुकट्यांच्या डब्यांवर आदळून परत आला. बाबांचा हात हवेत राहिला.

"कमी कोणी केलं? न विचारता तुम्ही. आता वाढवायचंही न विचारताच? आत्या, तू म्हणतेस पूर्ण घे. डॉक्टरबाईंनी तर दोन लिहिल्यात, कारण मी शपथेवर सांगितलं की मी पूर्ण घेते. बाईंनी विश्वास ठेवला माझ्यावर! म्हणजे आत्ता वर मी काय गिळणार होते? अंगाला सवय निम्म्याची, आणि एकदम दोन. चौपट! मी खरं बोलले म्हणून मेले असते की काय, तेसुद्धा मला माहीत नाही!"

वहिनीचा चेहरा पांढरा फटक पडला. बशीत दोन कॅप्सूल तिनेच टाकल्या होत्या. "आधी फोन," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. बाकी भांडणं मागून." तिने स्वतःच नंबर लावला, नाव सांगितलं, डॉक्टरबाईंना बोलवा म्हणून हुज्जत घातली आणि "नाही, उद्या नाही, आत्ता," असं तिसऱ्यांदा म्हणाल्यावर तिला त्या मिळाल्या. तिने आवाज मोठा करून फोन तराजूशेजारी ठेवला.

धाकटीने फोन बाबांच्या दिशेने सरकवला. "सांगा. काय काढलंत, किती काढलंत, कधीपासून. तुमच्याशिवाय कोणाला माहीत नाही ते."

"तूच सांग."

"मी सांगणार नाही. माझ्याकडून त्यांना एकदा चुकीचं कळलंय."

बाबांनी आत्याकडे पाहिलं. आत्याने पहिल्यांदाच नजर फिरवली. मग ते वाकले आणि फोनमध्ये बोलू लागले. या माणसाने आपल्या रंगांचं प्रमाण पोटच्या मुलालाही कधी सांगितलं नव्हतं, गिऱ्हाइकांनी पाय धरले तरी सांगितलं नव्हतं. आज तो एका परक्या बाईला चुकतमाकत सांगत होता की आधी जरासं, मग चौथाई, मग निम्मं, थंडीपासून, होय, रोज, होय, दोन्ही वेळच्या, नाही, तिला माहीत नव्हतं. शेवटाकडे त्यांचा आवाज इतका बारीक झाला की बाईंना दोनदा "मोठ्याने बोला" म्हणावं लागलं. धाकटीला त्यांची दया आली. दया आल्याचाही तिला रागच आला.

डॉक्टरबाईंनी आधी एकच विचारलं.

"नव्या घेतल्या का त्यांनी?"

"नाही," धाकटी म्हणाली.

"सुटलात. आता नीट ऐका. नव्या बाटलीला आज हात लावू नका. हे औषध एकदम वाढवलं तरी धोका आणि एकदम तोडलं तरी धोका. शरीराला सध्या जेवढ्याची सवय आहे तेवढंच आज घ्या, जुन्या बाटलीतली एक. ती न घेता झोपू नका. रात्री खोलीत कोणीतरी सोबत हवं. झटका आला तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, आणि पाच मिनिटांत थांबला नाही तर इस्पितळाची गाडी बोलवा, माझी वाट बघू नका. सकाळी दोन्ही बाटल्या घेऊन या, रक्त पुन्हा बघू आणि मग मात्रा ठरवू. मी सांगेपर्यंत टाकीजवळ जायचं नाही. आणि ज्यांनी हे केलं त्यांनाही घेऊन या. त्यांच्याशी मला बोलायचंय."

फोन बंद झाला. "मी झोपते तुझ्या खोलीत," वहिनी म्हणाली, कोणाकडे न बघता. दादाने चांगल्या हाताने घडवंचीवरचा तांब्या उचलून पेल्यात पाणी ओतलं. डावखुरा नसल्यामुळे निम्मं टेबलावर सांडलं. त्याने पेला बहिणीपुढे ठेवला.

"टाकीजवळ मी जाणार नाही," धाकटी म्हणाली. "त्या सांगतील तोवर नाही. पण ही खोली माझी. किल्ली आता माझ्याकडे राहील. बाबा, तुम्हाला प्रमाण हवं असेल ते माझ्याकडे मागायचं, मी तोलून देईन."

"आणि मी?" बाबांनी विचारलं. "मी कुठे बसू?"

वहिनीने टेबलावर सांडलेलं पाणी पुसायला घेतलं.

धाकटीने जुन्या बाटलीतून एक कॅप्सूल तळहातावर घेतली. किती सुबक मिटवली होती. जोड कुठे उघडला होता ते तिच्या डोळ्यांनाही दिसत नव्हतं, आणि तिचे डोळे या घरात सगळ्यात तयार मानले जात. ती टाचेखाली चिरडावी, दाणे दाणे करून त्यांच्या तोंडावर फेकावेत, एवढं एकच तिच्या मनात होतं. आणि आज रात्री जगायचं तर तीच गिळायला हवी होती. त्यांनीच भरलेली, त्यांनीच ठरवलेली, त्यांच्याच हातची.

बाबांनी मान खाली घातली होती.

"वर बघा," ती म्हणाली.

त्यांनी वर बघेपर्यंत ती थांबली. मग तिने कॅप्सूल जिभेवर ठेवली आणि त्यांच्या डोळ्यांत बघत गिळून टाकली.